फुकटचा वारा

परभणीत मे महिन्यात भर दुपारी लाईट गेली की माणूस सगळ्यात आधी वर पंख्याकडं बघतो. मग शेजाऱ्याकडं. "तुमची पण गेली का?" याला "हाव" असं उत्तर आलं की जरा बरं वाटतं. पण आधी पंखा. तो बिचारा अजून फिरतच असतो, लाईट गेल्याचं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

परवा मी त्याच्याखाली चटईवर उताणा पडून मोजत होतो. आधी नुसती गरगर असते, मग तीन पाती वेगवेगळी दिसायला लागतात, मग पात्यांच्या कडेची काळी धूळ दिसते आणि तिथून पुढचे फेरे मोजता येतात. जुनी खोड आहे. एकवीस भरले. गेल्या उन्हाळ्यात सव्वीस भरायचे. बेअरिंग आवळलं असणार. "मोजल्यानं वारा वाढतो का?" असं बायको दरवेळी विचारते. वाढत नाही.

आमचा चुलता ह्याला 'फुकटचा वारा' म्हणायचा. मीटर बंद आणि हवा चालू, म्हणजे सरकारला गंडवल्याचं समाधान. मीटर चालू असताना पंख्यानं घेऊन ठेवलेलंच तो आता फेडतोय, हे मी त्याला एकदा समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि कूस बदलली.

नववीत 'गतीचे नियम' शिकवताना सर म्हणाले, वस्तू आपणहून थांबत नाही, तिला कुणीतरी थांबवतं. हे आम्हाला काही केल्या पटेना. आमच्या माहितीतलं सगळं आपणहूनच थांबायचं. बैल थांबायचा, एसटी थांबायची, पाऊस तर मृगात एकदा तोंड दाखवून जो थांबायचा तो पोळ्यापर्यंत. सर म्हणायचे, घर्षण. जिथं काही थांबलं तिथं घर्षणाचं नाव घ्यायचं. पाऊस सोडून.

मला पटलं ते भोवऱ्यामुळं. मातीत सोडला की आर रुतायची आणि भोवरा घटकाभरात लोळायचा. देवळापुढच्या शहाबादी फरशीवर तोच भोवरा, तीच जाळी, तोच हात, पण निजल्यासारखा एका जागी फिरत राहायचा. आणि हातजाळी साधली तर तळहातावर. तळहातावर फिरणाऱ्या भोवऱ्याला गुदगुल्या म्हणावं तर तसं नाही, टोचतं म्हणावं तर तसंही नाही. ज्यानं घेतलाय त्यालाच कळेल.

घरासमोर आड होता. सहा परूस खोल, म्हणजे धरा दहा मीटर. वर लाकडी रहाट, त्याचा कणा इतका कुरकुरायचा की गल्लीला घड्याळ लागत नसे. आज्जी महिन्यातून एकदा त्याला करडईचं तेल पाजायची, मग दोन दिवस तो गप. पुढं 'कार्य आणि ऊर्जा' आलं तेव्हा कळलं की असा एकटा रहाट आपलं बळ एवढंसुद्धा वाचवत नाही, फक्त दिशा बदलून देतो. वर ओढायचं ते खाली ओढायचं, म्हणजे अंगाचं वजनही टाकता येतं. आज्जीच्या अंगाला वजन असं नव्हतंच.

सरांनी फळ्यावर आमच्याच आडाचं गणित मांडलं. पंधरा लिटरचा पोहरा, दहा मीटर. १५ गुणिले ९.८ गुणिले १०, झाले १४७० जूल. पोहऱ्याचं स्वतःचं वजन, दोराचं वजन आणि रहाटाची कुरकुर सोडून. मग एका पोरानं विचारलं, "सर, हे जूल आले कुठून?" सर म्हणाले, "आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?" वर्ग हसला. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम आमच्या डोक्यात ह्या एका म्हणीनं बसला तो कायमचा, जरी इथं हिशोब उलटा होता. ऊर्जा आडात नव्हतीच, ती चहात होती. चमचाभर साखरेत साधारण ६७ हजार जूल असतात, अंग त्यातला फार तर चौथा हिस्सा कामाला लावतं, बाकीचा घाम. म्हणजे दोन चमचे साखरेचा कपभर चहा हिशोबानं वीस-बावीस पोहऱ्यांना पुरतो. आज्जीच्या कमरेचा हिशोब वेगळा असायचा.

आकड्यांचा मला नाद लागला तो तेव्हापासून. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल, म्हणजे चोवीसशेच्या वर पोहरे. दहावीची सहल येलदरीच्या धरणावर गेली. तिथल्या वीजघराची क्षमता २२.५ मेगावॅट. सगळी पोरं पुरीभाजीच्या मागं आणि मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार करतोय : दर सेकंदाला पंधरा हजार पोहरे! पंधरा हजार आज्ज्या एका दमात. संध्याकाळी गावात आलो तर लाईट नव्हती.

ज्याच्या नावावर हे जूल आहेत तो जेम्स जूल इंग्लंडातला, घरचा धंदा बिअर गाळायचा. १८४० च्या दशकात त्यानं वजनं खाली सोडली, त्या उतरत्या वजनांनी पाण्यातली पाती फिरवली आणि पाणी किती तापलं ते मोजलं. खाली पडणाऱ्या वजनाची ऊष्णता होते, ती मोजता येते, एवढं त्याला दाखवायचं होतं. तापतं अगदी थोडं. आमचा पोहरा वरून खाली सोडला आणि त्याचे सगळेच्या सगळे जूल लिटरभर पाण्याला दिले, तर ते पाणी अर्धा अंशसुद्धा तापायचं नाही. बोट बुडवून कळणार नाही.

हे गणित मी पुष्कळदा केलंय.

मी तेव्हा चौथीत होतो. आज्जी पाणी शेंदत होती, पोहरा पार वर, कठड्याला टेकायला हातभर राहिलेला. त्याच दिवशी रहाटाला तेल दिलेलं. आणि मला त्याच घडीला पहिली हातजाळी साधली. "आज्जे, बघ! बघ की!"

"बघायले रे लेकरा," म्हणत तिनं मान वळवली.

भरला पोहरा दहा मीटर मोकळा पडला तर पाण्याला टेकताना त्याचा वेग ताशी पन्नास किलोमीटर होतो, एसटीएवढा. पण तो मोकळा पडला नाही. दोराचं दुसरं टोक बांधलेलं नव्हतं; सोडला असता तर पोहरा आणि दोर दोन्ही आडात, मग गळ मागायला चार घरं हिंडा. म्हणून तिनं सोडला नाही, आवळून धरला. रहाट अजिबात कुरकुरला नाही. दोर तिच्या मुठीतून सरसरत गेला आणि खाली कुठंतरी, पाण्याच्या वरच, पोहरा थांबला.

तिनं तो तसाच परत वर घेतला. पाणी हंड्यात ओतलं, मग हात पदरात गुंडाळला. दोन्ही तळव्यांची साल गेलेली मी संध्याकाळी पाहिली, आई हळद लावत होती तेव्हा. पुढं तिथं गुळगुळीत, चकाकता पट्टा राहिला. ती डोक्यावरून हात फिरवायची तेव्हा तो केसांना अडकायचा नाही.

त्या वेळी तिनं हाक मारली असेल, "धर" म्हणाली असेल. मला आठवत नाही. भोवरा तळहातावर फिरत होता आणि मी मोजत होतो.