बेकन जॅम अपडेट: पांढरा थर गेला एकदाचा!

मंडळी, थर गेला! बेकन म्हणजे खारवून धुरी दिलेलं डुकराचं मांस, ते कांदा-गुळात शिजवून मी जॅम करतेय, आणि थंड झाला की त्यावर चरबीचा पांढरा थर बसायचा, तो गेला. काल रात्री बरणी फ्रीजमध्ये ठेवली, सकाळी झाकण उघडलं तर वरपासून खालपर्यंत एकच रंग, गडद चॉकलेटी, चमचा घातला की अलगद आत जातो आणि बाहेर येताना पांढरं काही चिकटलेलं नाही. नुसत्या ब्रून पावाला लावून खाल्ला, मग उरलेल्या थालीपिठाला लावून खाल्ला, आणि मगच हे लिहायला बसले.

मागचे अपडेट वाचलेल्यांना माहितीय की चव केव्हाच जमली होती. कांदा, गूळ, कडक कॉफी, माडीचं व्हिनेगर आणि शेवटी चिमूटभर बॉटल मसाला (ईस्ट इंडियन लोकांचा घरगुती मिश्र मसाला), यात आता मला काहीही बदलायचं नाहीये. अडलं होतं फक्त चरबीपाशी. कढईत गरम असताना जॅम झकास, तुकतुकीत, आणि थंड झाला की वर घट्ट पांढरा थर, खाली कोरडा पडलेला कांदा. ढवळून एक केला तर जिभेला मेणचट कण लागायचे आणि टाळूला ते चिकटून राहायचं.

सगळ्यांचा सल्ला एकच, चरबी गाळून टाक, दोन चमचे ठेव, विषय संपला. मला ते पटत नाही आणि अजूनही पटणार नाही. धुराच्या वासातली बरीच द्रव्यं चरबीत विरघळलेली असतात, म्हणजे चरबी गेली की तो वासही गेला, मग उरतो गोड कांदा आणि खारट तुकडे, त्याला बेकन जॅम कशाला म्हणायचं? ५०० ग्रॅम चांगल्या स्ट्रीकी, म्हणजे चरबीचे पट्टे असलेल्या बेकनमधून माझ्याकडे साधारण १२० ग्रॅम चरबी निघते. त्यातली निदान निम्मी परत जॅममध्ये गेलीच पाहिजे, हा माझा हट्ट होता.

आधी बेकनबद्दल थोडं, कारण बऱ्याच जणांनी विचारलं होतं. पाकिटातले पातळ काप यासाठी घेऊ नका. पाकिटावरची घटकांची यादी वाचा, पोर्कनंतर लगेच पाणी लिहिलेलं असेल तर ते मांस खारवताना त्यात मिठाचं पाणी टोचून भरलंय, तव्यावर टाकलं की पांढरा फेस सुटतो आणि काप तळायच्या ऐवजी उकडतात. मुंबईत माहीम-वांद्र्याकडे, किंवा मालाडला ऑर्लेम, बोरिवलीला आयसी कॉलनी, या भागातल्या कोल्ड स्टोरेजवाल्यांना (थंड मांस विकणाऱ्या दुकानांना) न कापलेला अख्खा तुकडा मागा, बरेचदा मिळतो. स्लायसरवर उरलेली टोकं मागितली तर तीही देतात, स्वस्तात, आणि जॅमसाठी तीच बेस्ट कारण त्यांना धुराचा वास जास्त असतो. घरी आणून बोटाच्या पेरापेक्षा थोडे लहान तुकडे करा, थंड कढईत टाका, वर पाव वाटी पाणी, आणि मंद गॅस. आधी पाणी बुडबुडतं, मग आवाज बदलून तडतड सुरू होते, तिथून पुढे खरी चरबी सुटायला लागते. कढई स्टीलची ट्रायप्लायच (तीन थरांची) घ्या, लोखंडी नको, व्हिनेगर पडलं की जॅमला लोखंडाची चव येते.

आता मुद्द्याचं. थर का बसतो हे कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि कळलं तेव्हा मजाच वाटली, कारण ते आपल्या स्वयंपाकाच्या बरोब्बर उलट आहे. आपल्याकडे मसाला परतायचा तो तेल सुटेपर्यंत. तेल सुटलं म्हणजे झालं, हे आईने, आजीने, सगळ्यांनी हाताला लावलेलं वळण. पण तेल सुटतं तेव्हा नक्की काय होतं? मसाल्यातलं पाणी इतकं आटतं की तेलाचे थेंब धरून ठेवायला काही उरत नाही, ते एकमेकांना मिळतात आणि कडेने वेगळे होतात. मसाल्याला तेच हवं असतं. जॅममध्ये मात्र तो क्षण आला की पुढे थर बसणार हे ठरलेलं, कारण मोकळी झालेली चरबी हलकी असते, ती थंड होता होता वर येते आणि तिथेच गोठते. आणि आपण सगळे जॅम दाट व्हावा म्हणून आटवतोय, आटवतोय, म्हणजे जितका जास्त दाट तितका जास्त फुटणार!

म्हणजे दोन गोष्टी हव्यात. पाणी थोडं शिल्लक हवं, आणि चरबीचे थेंब बारीक करून तसेच वेगवेगळे धरून ठेवणारं काहीतरी हवं. अंड्याचा बलक हे काम करतो, मेयोनीज त्यावरच चालतं, पण मला यात अंडं नको होतं, टिकायचा प्रश्न येतो आणि चवही बोथट होते. कॉर्नफ्लोअरने खळ केल्यासारखी चव आली, तो रस्ता बंद. मग कैरीचं लोणचं घालताना डोक्यात आलं, फेसलेली मोहरी! मोहरीच्या सालात पाण्यात फुगणारा बुळबुळीत पदार्थ असतो, आत प्रथिनं असतात, दोन्ही मिळून तेल आणि पाणी एकत्र धरतात, सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये मोहरी घालतात ती नुसती चवीसाठी नाही. आपल्याकडे हे शेकडो घरात पाट्यावर होत आलंय.

फक्त नेहमीसारखी पाण्यात फेसली तर ती नाकात जाते आणि बेकन बाजूलाच राहतं. मोहरीचा तो झणका पाण्यात वाटल्यावर तयार होतो, आतलं एक एन्झाइम कामाला लागतं म्हणून, आणि आंबटात ते एन्झाइम नीट काम करत नाही. म्हणून पिवळी मोहरी, दोन छोटे चमचे, माडीच्या व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवायची आणि त्यातच वाटायची. झणका अगदी माफक येतो आणि धरून ठेवायचं काम तितकंच चोख होतं. वाटायला माझा जुना सुमीत मिक्सर, चटणीचं भांडं. हँड ब्लेंडरने इतक्या कमी मोहरीला न्याय मिळत नाही, ती पात्यांखाली फिरत राहते, साल फुटतच नाही.

तर आत्ताची पद्धत अशी. बेकन कुरकुरीत नाही, कडेने तांबूस झालं की काढायचं, चरबी गाळून वाटीत. कढईत दोन चमचे ठेवून त्यात ६०० ग्रॅम कांदा, उभा चिरलेला, अगदी मंद आचेवर, पाऊण तास तरी. कांदा उन्हाळी घ्या, साठवणीचा. पावसाळ्यानंतर येणाऱ्या नव्या लाल कांद्यात पाणी फार, तो आटतो खूप आणि गोडवा कमी देतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी अलिबागचा पांढरा कांदा वापरून बघा, माळा विकायला येतात ना उन्हाळ्यात, त्या. गोड आहे, उग्र नाही, त्याला जीआय टॅगही (त्या भागाचंच खास पीक अशी अधिकृत ओळख) मिळालाय, आणि यात तो इतका सुंदर लागतो की गूळ ८० ग्रॅमवरून ६० वर आणता येतो. गूळ साधा, काळपट. चिकीचा गूळ अजिबात नको, थंड झाल्यावर जॅम दाताला चिकटतो.

गूळ, अर्धा कप कॉफी, व्हिनेगर, बेकन सगळं घालून शिजवायचं आणि उलथन्याने कढईचा तळ दिसायला लागला, पण कडेला चरबी चमकायच्या आत, गॅस बंद! यातला तिसरा हिस्सा मोहरीबरोबर मिक्सरमध्ये गुळगुळीत वाटायचा. थर्मामीटर लावून ते वाटण ४० डिग्रीच्या जवळ येऊ द्यायचं, आणि मग मिक्सर चालू ठेवून झाकणाच्या भोकातून गाळलेली कोमट चरबी, ६० ग्रॅम, अगदी बारीक धारेने. डोळ्यासमोर रंग उजळतो, वाटण घट्ट होतं. ते बघताना मी एकटी किचनमध्ये जोरात हसले. हे उरलेल्या जॅममध्ये मिसळायचं आणि पातेलं बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवून पूर्ण थंड होईपर्यंत ढवळत राहायचं. ही शेवटची पायरी गाळू नका, चरबी गोठत असतानाच हलती ठेवली की बारीक बारीक कणातच गोठते, एकत्र व्हायला तिला वेळ मिळत नाही.

वरच्या मजल्यावरच्या आँटींना चाखायला दिला. त्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिश्चन समाजातल्या, सोरपोटेल (व्हिनेगरमधलं पोर्क) त्यांच्या हातचं खावं, आणि बॉटल मसालाही त्यांनीच दिलेला. म्हणाल्या, "विनेगर अजून दोन दिवसांनी बसेल, तेव्हा आण परत." बरोबर आहे, माडीचं व्हिनेगर पहिल्या दिवशी थोडं पुढे पुढे करतं.

टिकण्याबद्दल परत एकदा, कारण कोणीतरी बाहेर ठेवून विकायचं म्हणत होतं. प्लीज नको. व्हिनेगर असलं तरी हा जॅम लोणच्याइतका आंबट नाही, आणि पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका मोठा तितका आंबटपणा कमी) ४.६ च्या वर असेल तर, हवा न लागणाऱ्या बंद बरणीत बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. वास येत नाही, चवीत कळत नाही. बरणी उकळत्या पाण्यात ठेवून ते बीजाणू मरत नाहीत. त्यामुळे फ्रीज, फार तर दोन आठवडे, त्यापुढचा फ्रीझरमध्ये छोट्या डब्यांत. तसंही मुंबईच्या मे महिन्यात ही चरबी ओट्यावरच मऊ पडते, लागेल तेवढाच काढा.

पुढची बॅच गोव्याच्या चोरिसची (मसालेदार पोर्क सॉसेजची) करायची ठरली होती, साहित्य पण आणलंय. पण हे लिहिता लिहिताच एक सुचलं आणि आता चोरिस थांबणार. चरबी पातळ करून धारेने घालण्यापेक्षा, गाळून फ्रीजमध्ये घट्ट केली, मग बाहेर काढून नानकटाईच्या तुपासारखी हाताने फेसली, पांढरी हलकी होईपर्यंत, आणि थंड जॅममध्ये घडी घालत मिसळली तर? म्हणजे थेंब करायची गरजच नाही, आधीच बारीक गोठलेली आहे, हवा पण आत जाईल. कदाचित मोहरी अर्धी करता येईल. धोका एकच दिसतो, बाहेरच्या उकाड्यात फेसता फेसताच वितळेल, म्हणजे ताटाखाली बर्फ घ्यावा लागेल किंवा एसीच्या खोलीत बसून करावं लागेल. बेकनची टोकं थोडी उरलीत, या रविवारी अर्ध्या मापाने करते, दोन्ही पद्धतीच्या बरण्या शेजारी शेजारी ठेवून फोटो टाकते.

तोवर कोणी चरबी फेसून बघितली असेल, बेकनची नाही तर साधी लार्ड, म्हणजे डुकराची नुसती चरबी असली तरी चालेल, तर किती वेळ फेसली आणि फ्रीजमधून काढल्यावर किती थांबलात तेवढं सांगा.