झेड फक्त अमेरिकेचा नव्हे

पुण्यात इंग्रजी प्रबंधांचे मुद्रितशोधन करताना एक शेरा मला वारंवार दिसतो. ‘ऑर्गनाइझ’ किंवा ‘रिअलाइझ’ या क्रियापदांच्या स्पेलिंगमधील झेडभोवती मार्गदर्शकांनी लाल वर्तुळ काढलेले असते आणि समासात ‘अमेरिकन’ असे लिहिलेले असते. वेलांटी पहिली की दुसरी यावरून तासभर वाद घालणाऱ्या शहराला हे शोभतेच, पण शेरा बरोबर नाही.

या क्रियापदांच्या शेवटी येणारा ‘-आइझ’ हा प्रत्यय मूळचा ग्रीक. ग्रीकमध्ये आणि पुढे उत्तरकालीन लॅटिनमध्येही तो झेडनेच लिहिला जाई. झेडच्या जागी एस आला तो फ्रेंचमधून. 1884 पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागलेल्या ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी ही व्युत्पत्ती आणि प्रत्यक्ष उच्चार या दोन्हींच्या आधारे झेड स्वीकारला, आणि ऑक्सफर्डचे कोश आजही त्यालाच प्राधान्य देतात. अमेरिकेत एस जवळजवळ चालतच नाही, ब्रिटनमध्ये मात्र दोन्ही चालतात, एवढाच खरा फरक आहे. 1919 मध्ये स्थापन झालेल्या ‘इंटरनॅशनल लेबर ऑर्गनायझेशन’च्या अधिकृत नावात ‘लेबर’ला ब्रिटिश पद्धतीचा यू आहे आणि ‘ऑर्गनायझेशन’ला झेड. याउलट आपल्या पाषाणला जिच्या प्रयोगशाळा आहेत, त्या डीआरडीओच्या नावात एस आहे; इस्रोच्याही.

खरी अडचण निवड नसलेल्या क्रियापदांची आहे. ‘अ‍ॅडव्हाइज’, ‘रिव्हाइज’, ‘सुपरव्हाइज’ यांच्या शेवटी हा ग्रीक प्रत्यय नसून ‘पाहणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूचे रूप आहे, म्हणून तेथे अमेरिकेतही एसच लागतो; ‘अ‍ॅडव्हर्टाइज’, ‘एक्सरसाइज’, ‘कॉम्प्रोमाइज’ यांनाही एसच. ‘अ‍ॅनलाइज’ची गोष्ट आणखी निराळी: ते झेडने लिहिणे खरोखरच अमेरिकन आहे आणि ऑक्सफर्डसुद्धा तेथे एसच छापते, तेव्हा लाल वर्तुळ येथे काढले तर माझी हरकत नाही.

झेड शास्त्रशुद्ध असला तरी विद्यार्थ्यांना मी एसच सुचवते, कारण मग अपवादांची एवढी मोठी यादी पाठ करावी लागत नाही. ‘कॅप्साइझ’सारखे तुरळक शब्द तेवढे झेडने लिहायचे. मात्र संगणकाला सगळे झेड एकदम बदलायला सांगू नये, कारण संदर्भसूचीतील ग्रंथांची आणि संस्थांची नावे मूळ स्पेलिंगनेच राहिली पाहिजेत.