सड्यावरचे आणि खाजणातले शेजारी

तुम्हा कृष्णाकाठच्या लोकांना मगरीचं काय सांगायचं! भिलवडी, औदुंबर, हरिपूरच्या बाजूला वाढलेल्या कुणालाही पाण्यात उतरण्याआधी नजर कशी फिरवायची ते शिकवावं लागत नाही. म्हणूनच गोव्यातल्या जनावरांबद्दल लिहायला घेतलं तेव्हा सुरुवात मगरीपासूनच करायची ठरवली. तुम्हाला फरक लगेच कळेल.

मगर तीच, आपल्या कृष्णेतलीच जात. पण इथे ती खाऱ्या पाण्यात राहते. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा आहे, साधारण 15 किलोमीटर लांब. दोन्ही काठांना खारफुटी, आणि दिवसातून दोनदा भरती-ओहोटी. थंडीत सकाळी ओहोटी लागली की चिखलाचे काठ उघडे पडतात आणि मगरी उन्हाला येऊन पडतात. होडीतून अगदी जवळून पाहिलेली एक मगर मी विसरणार नाही. पाठीवरचा चिखल वाळून त्याला बारीक भेगा पडल्या होत्या, जबडा सताड उघडा, आतली पिवळट कातडी स्पष्ट दिसत होती. चवताळून जबडा उघडलाय असं वाटतं, पण अंग तापलं की उष्णता बाहेर टाकायची तिची ती रीत. आणि तिच्यापासून थोड्याच अंतरावर बांधावरून एक आजोबा सायकल हातात धरून शांतपणे चालले होते. पणजी तिथून काही फार लांब नाही.

हे कसं जमतं, हे समजून घ्यायला खाजण समजून घ्यावं लागतं. नदीकाठची खारी, दलदलीची जमीन बांध घालून माणसांनी शेतीखाली आणली, तिला इथे खाजण म्हणतात. बांधाला जागोजागी दारं असतात, त्यांना मानस म्हणतात. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने मानशीची लाकडी फळी बंद होते, ओहोटीला शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. विजेचा संबंध नाही, माणूस उभा करायची गरज नाही. आत कोरगुटासारखा खारं पाणी सोसणारा भात, आणि मानशीच्या तोंडाशी मासे. जिथे मासे तिथे पाणमांजरंही आली. चोडण बेटावर, सलीम अली पक्षी अभयारण्याच्या आसपास, पहाटे बांधावर त्यांची खवले आणि काटे भरलेली विष्ठा दिसते. रायबंदरहून फेरीबोटीत बसलं की लगेच चोडण. शहराच्या इतक्या जवळ हे सगळं चालू असतं.

फोंडा तालुक्यात दुर्भाटच्या बाजूला शेतकरी पौष महिन्यात शेतात मातीची मगर घडवतात, तिला फुलं वाहून पूजा करतात. मांगे थापणी म्हणतात या विधीला. नदीतली मगर बांधाची राखण करते, ही त्यामागची श्रद्धा. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या जनावराची भीती वाटते त्यालाच शेताचा राखणदार मानायचं, म्हणजे ते कुठे असतं, कधी वर येतं, त्याच्यापासून किती अंतर ठेवायचं हे सगळं गावाला पाठ असणार. नदीवर कुणी कुठे उतरावं हे इथल्या म्हाताऱ्यांना कुणा अधिकाऱ्याला विचारावं लागत नाही.

आता माझ्या घराचं सांगते. आम्ही पर्वरीला राहतो, मांडवीच्या पलीकडे, विधानसभेच्या बाजूचा हा भाग. खाली खाजण आणि वर सडा. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. उन्हाळ्यात बघाल तर काळपट, रखरखीत. 'इथे काहीच नाही, बांधून टाका' असं कुणालाही वाटेल. पहिला पाऊस पडला की आठवडाभरात त्याच दगडावर डबकी साचतात, गवत येतं, कातळफुलं येतात. मोर तर बारमाही. सकाळी आमच्या गॅलरीसमोरच्या कुंपणावर मोर बसलेला असतो आणि मुलांची शाळेची बस खालून जाते, दोघांनाही एकमेकांचं काही नाही. 2016 मध्ये शेतीचं नुकसान करतो म्हणून मोराला उपद्रवी ठरवावं का, असा विचार इथल्या सरकारात चालला होता. पिकाचं नुकसान खरं आहे, शेतकऱ्याचं दुःख मी नाकारत नाही. पण सडे सपाट होत गेले तर मोराने चरायचं कुठे, हा प्रश्न त्या चर्चेत आधी यायला हवा होता.

आणि बेडूक! जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री इमारतीमागच्या खोलगट भागात आवाज सुरू होतो. आधी एक, मग दहा, मग असा कल्लोळ की घरात टीव्ही ऐकू येत नाही. टॉर्च घेऊन खाली गेलं तर दिसतात भले मोठे नर, एरवी हिरवट-तपकिरी असणारे, त्या रात्री हळदीसारखे पिवळे झालेले, आणि ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगलेल्या. विणीच्या थोड्या दिवसांपुरता हा रंग. ह्याच रात्री त्यांचा घातही होतो. टॉर्चच्या झोतात बेडूक जागीच थिजतो आणि पोत्यात जातो. काही हॉटेलांत 'जम्पिंग चिकन' या नावाने तो ताटात येतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे गुन्हा आहे. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वनखातं बजावतं, तरी चोरून चालतंच. ज्या रात्री एक आख्खी पिढी जन्माला यायची त्याच रात्री आईबाप उचलून नेले, तर पुढच्या वर्षी डास आणि कीटक कोण खाणार?

बेडूक आले की साप आलेच, आणि कचऱ्याच्या डब्याभोवती उंदीर असले तर बारा महिने. मागच्या पावसाळ्यात आमच्या जिन्याखालच्या चपलांच्या रॅकमध्ये एक लांबलचक धामण शिरली. सोसायटीत नुकतेच राहायला आलेले एक काका काठी शोधायला धावले. तळमजल्यावरच्या मामी पदर खोचून मध्ये उभ्या राहिल्या. "धामण ती. उंदीर खाता. वचूं दी तिका (जाऊ दे तिला)," एवढंच म्हणाल्या आणि कुणाला जवळ येऊ दिलं नाही. साप पकडणारा मुलगा येईपर्यंत त्या तिथेच उभ्या. त्याने तिला हळूच बाहेर काढलं, पोतडीत घेतलं आणि नेऊन सोडलं. धामण बिनविषारी. पण नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही गोव्यात आहेत, त्यामुळे ओळख नसेल तर हात लावायचाच नाही.

गव्यांची गोष्ट वेगळी. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. सत्तरी, धारबांदोडा, काणकोण या डोंगराळ भागात काजूच्या दिवसांत तो बागायतीत उतरतो. ज्याची सुपारी आणि केळी एका रात्रीत आडवी होतात त्याला निसर्गप्रेम शिकवायला जाऊ नये, भरपाई वेळेवर द्यावी. जानेवारी 2020 मध्ये म्हादई अभयारण्यात, गोळावलीला, चार वाघ विष घालून मारले गेले. ते वाघ गुरं मारत होते. शेजार बिघडला की असं टोकाला जातं.

म्हणून मला राग येतो तो 'जंगली जनावरांचा शहरात शिरकाव' अशा मथळ्यांचा. पर्वरीच्या सड्यावर आमच्या इमारतीच्या आधी मोर होता. खाजणात मातीचा भराव टाकून प्लॉट पाडले, मानस मोडून पडली तरी कुणी दुरुस्त केली नाही, की पाणी भलतीकडे शिरतं आणि त्याबरोबर मगरही भलतीकडे दिसते. त्यात मगरीने काय केलं?

जूनमध्ये तुमच्यापैकी काहीजण आमच्याकडे गोव्यात येणार आहात, त्यांच्यासाठी थोडं. रात्री सड्यावरच्या रस्त्याने गाडी हळू आणा, पावसात बेडूक रस्त्यावर बसतात. चपला, बूट झटकून घाला. साप दिसला तर मागे व्हा, नजर त्याच्यावर ठेवा आणि वनखात्याला किंवा आम्हाला फोन करा. चावलाच तर मंत्र, चिरा मारणं, दोरी बांधणं काही नको, 108 ला फोन करून थेट सरकारी इस्पितळ. चोडणला मी घेऊन जाईन, मात्र पहाटे उठावं लागेल. आणि कुठल्या हॉटेलात कुणी आवाज खाली करून बेडकाच्या डिशबद्दल विचारलं, तर तिथून उठा आणि मला हॉटेलचं नाव सांगा, वनखात्याला मी कळवते.