खड्ड्यात आलेले पाणी

ओक्लाहोमात जमिनीखाली वादळ-निवारे बसवण्याच्या कामात मला नऊ वर्षे झाली. एवढ्या काळात खोदलेला खड्डा तसाच बुजवून परत येण्याची पाळी एकदाच आली, आणि ते मी बरोबर केले की नाही, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

मे महिना होता. घर मूर शहराजवळचे. 20 मे 2013 रोजी चोवीस जणांचा बळी घेणाऱ्या टोर्नेडोत या कुटुंबाचे आधीचे घर गेले होते, त्यामुळे त्यांची घाई मला समजत होती. खोदण्याआधी जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा करून घेण्यासाठी 811 या क्रमांकाला कळवून झाले होते, गवतावर गॅसची पिवळी आणि विजेची लाल रेघ मारलेली होती, आणि दुपारपर्यंत लाल चिकणमातीत आठ फुटांचा खड्डा तयार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेन येण्याआधी पाहिले, तर तळाशी दीड फूट पाणी. रात्रभर पावसाचा थेंब पडलेला नव्हता. पंपाने उपसले, तासाभरात ते पुन्हा चढू लागले. आमच्या विक्रेत्याने जागा न पाहताच करार केला होता. अंगणामागून ओहोळ वाहतो, हे त्याने पाहिले असते तर पुढचे काहीच घडले नसते.

जमिनीत पुरलेली जड वस्तू वर येईल, यावर लोकांचा विश्वास बसत नाही. आमची काँक्रीटची पेटी सहा फूट रुंद, आठ फूट लांब आणि साडेसहा फूट उंच, म्हणजे 312 घनफुटांची. एक घनफूट पाण्याचे वजन 62.4 पौंड, तेव्हा भोवतीची माती पाण्याने पूर्ण भरली तर पेटीला वर ढकलणारा जोर सुमारे 19,500 पौंड होतो. पेटीचे वजन जेमतेम 14,000. वरच्या फूटभर मातीचा भार धरूनही हिशेब जुळत नव्हता, आणि ओली चिकणमाती बाजूंनी घट्ट धरून ठेवील हा आमच्या मुकादमाचा लाडका सिद्धान्त मला कधीच पटलेला नाही. त्यातही पेटी नुसती वर आली तर नुकसान पैशांचे. आत पाणी शिरले आणि दार उघडले नाही तर? मे 2015 मध्ये ओक्लाहोमा सिटीत पुराचे पाणी भरून एक बाई अशाच भूमिगत निवाऱ्यात बुडून गेली होती.

यावर उपाय होते. पेटीपेक्षा रुंद पाया ओतून तिला त्यात जखडता आले असते, पण त्यासाठी पाणी सतत उपसत ठेवून दोन आठवडे तरी लागले असते. दुसरा उपाय गॅरेजच्या फरशीला बोल्टने घट्ट बसवायच्या पोलादी खोलीचा. ताशी 250 मैलांचा वारा गृहीत धरून अशा खोलीची रचना होते, आणि पंधरा पौंडांचा लाकडी वासा ताशी शंभर मैल वेगाने भिंतीवर आदळवून तिची चाचणी घेतात. घरधन्याने सगळे शांतपणे ऐकले आणि म्हटले, “मागच्या वेळी जमिनीवरचे काहीही उरले नव्हते.” त्या खोल्याही टिकल्याचे मी सांगत राहिलो, परंतु ज्याने स्वतःच्या घराचा नुसता चौथरा उरलेला पाहिला आहे, त्याच्यापुढे चाचणीचे आकडे मांडताना माझा आवाज मलाच पोकळ वाटला.

आमच्या कंपनीच्या मालकाने त्यांचे पैसे परत केले, आम्ही खड्डा बुजवला. त्यानंतर आठच दिवसांनी त्या भागात भोंगे वाजले. टोर्नेडो दूरवरून निघून गेला, पण त्या वीस मिनिटांत ते कुटुंब न्हाणीघरात गादीखाली बसून होते, हे मला मागाहून कळले. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका ठेकेदाराने त्याच जागी, दोन दिवसांत, पेटी बसवून दिली. खाली पाया ओतला का, हे विचारण्याचा मला अधिकार नव्हता.

आता तिथे गवत उगवले आहे. मोठा पाऊस होऊन गेला की मी मुद्दाम त्या रस्त्याने जातो आणि गाडीचा वेग कमी करून निवाऱ्याच्या झाकणाची कड जमिनीशी सपाट आहे ना, एवढे पाहतो.