बांध ‘फुटला’

वर्तमानपत्रात बातम्या देता देता माझी बारा वर्षे गेली. तेवढ्या काळात ‘बांध फुटला, शेती खाऱ्या पाण्याखाली’ ही बातमी मी किमान चार वेळा दिली असेल. पंचनाम्याची मागणी, भरपाईचे आश्वासन, अडीचशे शब्द, की काम संपले. दीर्घ वार्तालेख लिहायला शिकायचे ठरवून तोच विषय पुन्हा हाती घेतला, तेव्हा पहिली अडचण त्या क्रियापदाचीच आली, कारण ‘फुटला’ म्हटले की फोडणारा कोणी उरतच नाही.

मग गोव्यातल्या रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावरच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीत, जाऊ लागलो. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे माझ्या सोयीने दुपारी चारला गेलो तरी कधी मानस बंद दिसे, कधी तिच्यातून पाणी धो धो बाहेर पडत असे. मानस म्हणजे बांधातले लाकडी झडपांचे दार. मासे पकडण्यासाठी तिथे ओहोटीला जाळे लावतात आणि त्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. पैसे मोजून हक्क घेतलेल्याला जास्त मासे हवे असतात, म्हणून भरतीच्या वेळीही झडपा उघड्या अडकवून ठेवण्याचा मोह होतो. खारे पाणी गरजेपेक्षा जास्त आत येते, त्याची ओढ बांधाचा पाया खाते, आणि कुर्ल्यांनी (खेकड्यांनी) आधीच पोखरलेली माती ढासळते. बुजवायला वेळेवर कोणी येत नाही, कारण पूर्वी गावकरीकडे, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेकडे, असलेली देखभाल 1964 चा कूळ कायदा आणि 1976 ची पाचवी दुरुस्ती यांनंतर कुळांच्या संघटनांवर आली, आणि पुष्कळ कुळांनी शेतीच सोडली आहे. तर माझ्या ‘फुटला’मागे अशी निदान पन्नास वर्षे होती.

पहिल्या खर्ड्याची सुरुवात मी गावकरीच्या इतिहासाने केली. दोन पाने झाली तरी माणूस येत नव्हता, मलाच वाचवेना. दुसऱ्यात सुरुवात रात्रीच्या ओहोटीने केली आणि कायदा तिथे आणला, जिथे चिखलात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ‘हे भोक कोणी बुजवायचे?’ हा प्रश्न खरोखर पडतो. कायद्याचा परिच्छेद तोच होता, पण आता त्याची वाट पाहिली जात होती. बगळ्यांवरचा एक सुंदर परिच्छेद मात्र काढावा लागला. (अजून जपून ठेवला आहे.)

छपाईआधी सगळा तपशील पडताळावा म्हणून मानशीवर जाळे लावणाऱ्या काकांना फोनवरून लेखाची सुरुवात वाचून दाखवली. ‘मध्यरात्री ते उठतात, कंदील घेतात आणि मानशीचे दार उघडतात,’ असे मी लिहिले होते. सात रात्री त्यांच्याशेजारी बसून झाल्यावर, कर्ता हरवू नये या नव्या हौसेने लिहिलेले वाक्य. त्यांनी तिथेच थांबवले.

“बाबा, दार आमी उगडिनात. उदक उगडटा.”

ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब झडपा बाहेर ढकलतो, भरतीला बाहेरचे पाणी त्या मिटवते; ते जातात ते जाळे सोडायला. हे मी सातही रात्री पाहिले होते.