भाव वाढला, तर जाणार कुठे?

बुधवार, रात्री उशिरा

आज सुनावणीत समोरच्या वकिलांनी ठासून सांगितलं, "गिऱ्हाईकाला पर्याय ढिगानं आहेत." दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाचं प्रकरण, आणि त्यांनी दिलेली पर्यायांची यादी चांगली तीन पानी. स्पर्धा कायद्याच्या कामात इतकी वर्षं गेली, तरी हा युक्तिवाद ऐकला की मी आतून पेटते. एका बाजारपेठेत कुठकुठल्या वस्तू मोजायच्या याची रेघ जरा लांब ओढा, कुठलीही मक्तेदारी किरकोळ दिसायला लागते.

रेघ ठरली की पुढचं गणित शाळकरी आहे. चार कंपन्यांचे हिस्से ४०, ३०, २० आणि १० टक्के असतील, तर प्रत्येक हिस्स्याचा वर्ग (आकडा गुणिले तोच आकडा) करून येणारी बेरीज ३०००. बेरीज जितकी मोठी, तितका बाजार थोड्या हातांत. शेवटच्या दोघी एकत्र आल्या की ३४००. अमेरिकेच्या विलीनीकरणाविषयीच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ही बेरीज १८०० च्या वर गेली आणि वाढ १०० हून जास्त असली, तर विलीनीकरण स्पर्धेला मारक आहे असंच धरून चालतात. ते खोडून काढणं कंपन्यांचं काम. पण हिस्से कशातले? तिथेच सगळी लढाई.

नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी १९५६ चा सेलोफेनचा, म्हणजे पारदर्शक वेष्टनाचा, मक्तेदारीचा खटला आधी वाचायला देते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सेलोफेनपैकी जवळपास ७५ टक्के एकट्या ड्यू पाँट कंपनीचं. सर्वोच्च न्यायालयानं मात्र बाजारपेठ धरली ती सगळ्या लवचीक वेष्टनांची, मेणकागदापासून ॲल्युमिनियम फॉइलपर्यंत. त्यात सेलोफेनचा वाटा २० टक्क्यांहूनही कमी. कंपनी सुटली. गिऱ्हाईक दुसऱ्या वेष्टनाकडे वळत होतं हे खरंच होतं. पण का? मक्तेदार भाव वाढवत नेतो आणि आणखी वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल अशा टोकाला येऊन थांबतो. त्या टोकावर उभं राहून विचारलं, तर पर्याय दिसणारच. चढलेल्या भावाचा परिणाम न्यायालयानं स्पर्धेचा पुरावा म्हणून घेतला. १९८२ पासूनची पाच टक्के भाववाढीची कसोटी मला आवडते: भाव पाच टक्क्यांनी वाढवला तर गिऱ्हाईक ज्या वस्तूंकडे वळेल, त्या सगळ्या एकाच बाजारपेठेत धरायच्या. विलीनीकरणात प्रश्न 'आजच्यापेक्षा वाईट होईल का' एवढाच असतो, तिथे ती चोख चालते. प्रभुत्वाच्या गैरवापराच्या खटल्यात मात्र आजच्या भावापासून मोजायला सुरुवात करणं मला धोक्याचं वाटतं.

रुग्णालयांच्या खटल्यांनी तर मला या क्षेत्रात कायमचं धरून ठेवलं. १९९० च्या दशकात अमेरिकी सरकार रुग्णालयांच्या विलीनीकरणाविरुद्ध एकामागून एक खटले हरलं. काही रुग्ण दूरच्या रुग्णालयात जातात, म्हणजे बाजारपेठ मोठी, असा हिशोब मांडला जाई. पण जो दूर जातो त्याची कारणं वेगळी असतात: एखादा विशिष्ट डॉक्टर, जवळ राहणारे नातेवाईक. जो जात नाही तो भाव वाढला म्हणून उठून जाईल, हे त्यावरून कुठे ठरतं? शिवाय बहुतेकदा बिल विमा कंपनी भरते, रुग्णाला भाव दिसतसुद्धा नाही. मग २००२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकी आयोगानं, आधीच होऊन गेलेली विलीनीकरणं मागे जाऊन तपासायला घेतली. इलिनॉय राज्यातल्या इव्हॅन्स्टनच्या रुग्णालयाचं विलीनीकरण २००० मधलं. त्यानंतर भाव चांगलेच चढलेले निघाले. तक्रार दाखल झाली २००४ मध्ये, आयोगाचा अंतिम निर्णय २००७ मध्ये. तोवर दोन्ही संस्था इतक्या एकजीव झाल्या होत्या की आयोगानं त्या वेगळ्या केल्याच नाहीत. विमा कंपन्यांशी वाटाघाटींसाठी स्वतंत्र गट नेमा, एवढाच आदेश दिला. हे मला आजही अपुरं वाटतं.

विद्यापीठात होते तेव्हा हे सगळं समीकरणांत मांडत असे. मधली काही वर्षं कंपन्यांच्या बाजूनंही अहवाल लिहिले, आणि तिथे एक पक्कं कळलं: आपला खरा प्रतिस्पर्धी कोण, हे विक्री विभागाला कुठल्याही अर्थतज्ज्ञाच्या आधी ठाऊक असतं. १९९७ च्या स्टेपल्स आणि ऑफिस डेपो या कार्यालयीन सामानाच्या मोठ्या दुकान-साखळ्यांच्या विलीनीकरणाच्या खटल्यात हेच कामी आलं. कार्यालयीन सामानाच्या एकूण विक्रीत आमचा दोघांचा मिळून वाटा जेमतेम साडेपाच टक्के, असं कंपन्या म्हणत होत्या. पण जिथे अशा साखळीचं एकच दुकान होतं त्या शहरांत भाव चढे, आणि जिथे दोन-तीन साखळ्या समोरासमोर होत्या तिथे उतरलेले. विलीनीकरण थांबलं. २०१६ मध्ये त्याच दोन कंपन्या पुन्हा आल्या आणि पुन्हा अडल्या. या वेळी रेघ ओढली गेली ती मोठ्या कॉर्पोरेट ग्राहकांभोवती. कंपन्या त्याच, पण अडचणीत येणारं गिऱ्हाईक वेगळं.

म्हणून त्या तीन पानी यादीला उत्तर म्हणून मी यादी करणार नाही. उद्या सकाळी आधी निविदांच्या नोंदी मागवायच्या. या दोघींपैकी एकीला काम मिळालं तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर कोण होतं, आणि दुसरी रिंगणात नव्हती तेव्हा पहिलीनं दर किती लावला, हे एकेक निविदा घेऊन बघायचं. आणि अहवालाच्या शेवटी शिफारस घालायची: निर्णय काहीही लागो, दोन वर्षांनी भाव पुन्हा तपासा.