ओहोटीने नापास केलं

खाडी दाखवायला लोकांना घेऊन जाणारा स्वयंसेवक व्हायचं, तर त्यासाठीही परीक्षा असते, हे मला अर्ज भरेपर्यंत माहीत नव्हतं. पहिला अर्ज गहाळ झाला, दुसरा भरला, त्यात महिना गेला. ते सोडा.

वर्ग सहा होते. पहिल्याच दिवशी मॅडमनी फळ्यावर खाडीची व्याख्या लिहिली. प्रिचर्ड नावाच्या समुद्रशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये केलेली: किनाऱ्यावरचा अर्धवट बंदिस्त जलाशय, समुद्राशी मोकळेपणी जोडलेला, ज्यात समुद्राचं पाणी जमिनीवरून येणाऱ्या गोड्या पाण्यामुळे मोजता येईल इतकं पातळ झालेलं असतं. मी ती घोकून पाठ केली. पुढच्या वर्गात म्हणूनही दाखवली. मॅडम म्हणाल्या, "छान. आता ही लोकांसमोर कधीही म्हणायची नाही."

त्यातलं 'मोजता येईल इतकं' मात्र हातांनी शिकावं लागलं. रिफ्रॅक्टोमीटर नावाची एक छोटी नळी असते. काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून आत बघायचं. निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतो तिथला आकडा म्हणजे क्षार. मोकळ्या समुद्रात तो हजार भागांत साधारण ३५ येतो. मी होडीतून हात लांब करून पाणी घेतलं, आकडा आला ८. मी वहीत लिहिलं, 'इथे पाणी जवळजवळ गोडं.' शेजारच्या मुलीने दोरीला बांधलेली बाटली तळाशी सोडून तिथेच पाणी घेतलं, तिला आले २४. दोघांत कोण चुकलं यावर आम्ही वाद घालत बसलो. चुकलं कोणीच नव्हतं. खारं पाणी जड, ते तळातून पाचरीसारखं आत शिरतं आणि नदीचं हलकं पाणी त्याच्या डोक्यावरून बाहेर जातं. एकाच जागी एकावर एक दोन खाड्या. माझं चुकलं ते एवढंच की वरचा थेंब बघून मी अख्ख्या खाडीवर निकाल देऊन मोकळा झालो.

चिखलाचा वर्ग सगळ्यात गमतीचा. फावड्याने एक वडी कापून समोर ठेवली. वर जेमतेम नखाएवढा तपकिरी थर, त्याखाली सगळं काळं. त्या काळ्या भागात प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि सडक्या अंड्यांचा वास सोडतात. तोवर मी हा वास म्हणजे प्रदूषण असंच समजत होतो. सांडपाण्याने वास वाढतो हे खरं, पण निरोगी चिखलालाही तो असतोच. हे एक वाक्य लोकांना पटवायला अर्धी फेरी खर्ची पडते, असं मॅडम म्हणायच्या.

मग परीक्षेची फेरी. तीही २ फेब्रुवारीला, जागतिक पाणथळ दिनी, म्हणजे गर्दी ठरलेली. ओहोटी किती वाजता ते मी भरतीच्या तक्त्यात पाहिलं आणि बरोबर त्याच वेळेला बारा जणांना काठावर नेऊन उभं केलं. समोर चिखल नव्हता. पाणीच पाणी.

तक्त्यातली वेळ खाडीच्या मुखावरची होती. आम्ही होतो बरंच आत. मुखाशी ओहोटी संपली तरी आतलं पाणी उथळ पात्रातून घासत घासत बाहेर पडत असतं. हे मला वर्गात सांगितलं होतं, वहीत लिहिलेलंही होतं.

आता करायचं काय? मी बोलत सुटलो. इराणमधल्या रामसर गावी १९७१ मध्ये याच तारखेला पाणथळ जागांचा करार झाला, ते सांगितलं. पाण्याचा गढूळपणा मोजायची पांढरी तबकडी सेकी नावाच्या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये वापरली, ते सांगितलं. पट्टेरी शेपटीचा एक गॉडविट पक्षी २०२२ मध्ये अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर न थांबता उडाला, हेही सांगितलं. एक मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, पाणी कधी जाणार?"

मला सांगता आलं नाही. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी नापास.

पुढच्या वेळी तीन दिवस आधीच त्या जागी गेलो. खुणा केलेली काठी रोवली आणि दर दहा मिनिटांनी पाणी कुठवर आहे ते टिपलं. तिथली ओहोटी मुखापेक्षा १ तास १० मिनिटांनी उशिरा निघाली. आणखी एक लक्षात आलं: पाणी उतरतं रेंगाळत, पण चढतं भराभर. म्हणजे परतायला उशीर चालणार नाही. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तोही हिशोब केला.

या खेपेला पोहोचलो तेव्हा चिखल नुकताच उघडा पडत होता. दोन बरण्यांत गढूळ पाणी भरून आणलं होतं. एकीत मूठभर मीठ टाकलं आणि दोन्ही एका मुलीच्या हातात दिल्या. "यांच्याकडे लक्ष ठेव," एवढंच सांगून आम्ही चिखलात उतरलो. शिंपला उचलला तर त्याच जागी, तसाच परत ठेवायचा, हा एकच नियम. परत आलो तर मिठाच्या बरणीतली माती तळाशी बसत आली होती, दुसरी तशीच गढूळ. मुलगी म्हणाली, "मिठाने माती एकमेकांना चिकटते का?" मी फक्त मान हलवली आणि चिखलाकडे बोट दाखवलं. नदीने आणलेली माती खाडीत थांबते त्यामागे हेही एक कारण आहे, हे तिच्या आईनेच पुढे तिला समजावलं.

गॉडविट मात्र मी सांगितलाच. राहवलं नाही.

आठवड्याने निकालाचा कागद आला. उत्तीर्ण. खाली परीक्षकांच्या अक्षरात शेरा: 'वेळ अचूक. बोलणं अजून थोडं कमी करावं.'